खांबावरचा खोका आणि जमिनीतली केबल

टोलनाक्यावर गाडी हळू होते, वरचा रीडर काचेवरचं स्टिकर वाचतो, दांडा उठतो, खिशातला फोन थरथरतो आणि पैसे कापल्याचं कळतं. २०२१च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हा यावरून नाक्यानाक्यावर वाद झाले. आता कुणी मान वळवूनही बघत नाही. पण गाडी आणि रस्ता एकमेकांशी बोलतात म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून ओळखीचं उदाहरण आपल्याकडे नाही. त्या स्टिकरमध्ये बॅटरी नसते. रीडर रेडिओलहरी सोडतो, त्या लहरींच्याच ऊर्जेवर आतली चिप जागी होते, आपला नंबर सांगते आणि पुन्हा झोपते. ‘कोण रे तू?’ ‘मी अमुक.’ संपलं. रस्त्याला त्याचे पैसे मिळाले. गाडीला मात्र रस्त्याने काहीच सांगितलं नाही.

आता समजा, रस्त्यालाही काही सांगता आलं. वळणाआड ट्रक बंद पडलाय. पुढचा सिग्नल बारा सेकंदांत लाल होणार आहे. डावी लेन दोन किलोमीटरवर डांबरीकरणासाठी बंद आहे. असे निरोप घेऊ शकणारी, आणि स्वतःकडचे निरोप देऊ शकणारी गाडी म्हणजे कनेक्टेड गाडी. तिच्यात एक रेडिओ किंवा सिमकार्ड असतं, बाकी ती आपल्या गाडीसारखीच पेट्रोल नाहीतर वीज पिते. आणि तिच्याशी बोलण्यासाठी रस्त्याच्या बाजूला जे काही उभं करावं लागतं त्या सगळ्याला मिळून डिजिटल रस्ता म्हणतात. त्यात खांब, पेट्या, सेन्सर, फायबर, वीज, नकाशे आणि हे सगळं चालू ठेवणारी माणसं येतात.

वर्तमानपत्रात फोटो छापून येतो तो खांबावरच्या खोक्याचा, म्हणजे गाड्यांशी बोलणाऱ्या रेडिओच्या पेटीचा. माझं म्हणणं असं, की सरकारने पैसा घालताना त्या खोक्याकडे सगळ्यात शेवटी बघावं. हे असं का, ते समजण्यासाठी आधी खोका काय करतो ते बघू.

डोंगराच्या पोटातून कॅमेरा बघत नाही

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे कॅमेरा आणि रडार असतं. लेन सोडली की स्टिअरिंग थरथरतं, पुढची गाडी जवळ आली की ब्रेक लागतो. मग गाडीलाच सगळं दिसत असताना रस्त्यावर कशाला खर्च?

पावसाळ्यात बोरघाटातून गेलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. खंडाळ्याच्या अलीकडे धुकं उतरतं, पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसतात तेवढंच जग उरतं. खोपोलीकडे उतरताना डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये टाकणारे काही महाभाग असतात. इंजिनाचा आधार गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पायाखाली काही उरत नाही. हे सगळं वळणाच्या पलीकडे घडत असतं. कॅमेरा आणि रडार सरळ रेषेत बघतात. समोरच्या ट्रकच्या पलीकडचं त्यांना दिसत नाही, मग डोंगराच्या पलीकडचं कुठून दिसणार? रेडिओलहरींना समोरच्या ट्रकचा अडथळा फारसा होत नाही, आणि वळणावर योग्य जागी खांब असेल तर डोंगराचाही होत नाही. नजर पोहोचत नाही तिथे निरोप पोहोचवायचा, एवढाच या तंत्रज्ञानाचा मूळ हेतू.

निरोप तसा साधा असतो. गाडी सेकंदाला दहा वेळा सांगते: मी इथे आहे, या वेगाने, या दिशेला, ब्रेक दाबलाय की नाही, माझी लांबी-रुंदी एवढी. साधारण तीनशे मीटरच्या परिसरातल्या, रेडिओ असलेल्या सगळ्यांना ते ऐकू येतं. नाव, नंबरप्लेट, मालक यांचा उल्लेख त्यात नसतो. चौकातला सिग्नल दोन निरोप देतो. पहिला म्हणजे चौकाचा नकाशा: कुठली लेन कुठे जाते, थांबण्याची रेघ कुठे आहे. दुसरा म्हणजे वेळ: कुठल्या लेनला आत्ता कुठला दिवा आहे आणि तो कधी बदलणार. नकाशा चुकला तर वेळेला अर्थ नाही. उजवीकडे वळणाऱ्या लेनचा हिरवा दिवा सरळ जाणाऱ्याने आपला समजला तर काय होईल, ते सांगायला नको. ही नकाशाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बस उशिरा असेल तरच

अमेरिकेत युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत रेडवुड रोड नावाचा लांबलचक रस्ता आहे. २०१७ साली तिथल्या वाहतूक खात्याने या रस्त्याच्या सुमारे १८ किलोमीटरच्या पट्ट्यात बहुतेक सिग्नलांवर रेडिओ बसवले आणि त्या मार्गावरच्या बसगाड्यांतही बसवले. त्यांच्या देशात असा रोजच्या वापरातला रस्ता पहिल्यांदाच उभा राहत होता.

बस चौकाकडे येते. तिच्यातली पेटी आधी स्वतःचं वेळापत्रक बघते. बस वेळेवर असेल तर गप्प बसते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा उशीर झाला असेल तरच सिग्नलला विनंती पाठवते: मी या लेनमध्ये आहे, इतक्या सेकंदांत पोहोचेन, थोडी सवलत मिळेल का? सिग्नलचा कंट्रोलर आपलं गणित बघतो. हिरवा दिवा संपत आला असेल तर काही सेकंद लांबवतो, लाल असेल तर थोडा लवकर उठवतो, आणि आडव्या रस्त्यावरच्यांचा हिशेब पुढच्या फेरीत चुकता करतो. रुग्णवाहिकेसारखा सगळा चौक थांबवत नाही. प्रवाशाला यातलं काही कळत नाही, बस फक्त वेळेवर यायला लागते. पुढे युटाने हीच युक्ती बर्फ उपसणाऱ्या गाड्यांसाठी वापरली. बर्फ उपसणारी गाडी लाल दिव्याला अडकली की तिच्यामागे गाड्या साचतात आणि पुढे बर्फ साचतो.

मला हे उदाहरण आवडतं, कारण त्यात एकाही खाजगी गाडीची गरज नव्हती. सिग्नल सरकारचा, बस सार्वजनिक, बर्फगाडी सरकारची. दोन्ही टोकं एकाच हातात असल्यामुळे पहिल्या दिवसापासून उपयोग सुरू झाला. बाकी अमेरिका मात्र याच तंत्रज्ञानाची वाट बघत पाव शतक बसून राहिली.

वेड आणि लग्न

१९९९ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ५.९ गिगाहर्ट्झजवळचा ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा रस्ता आणि गाडी यांच्या संभाषणासाठी राखून ठेवला. मोकळ्या शहरात मध्यवस्तीतला भूखंड राखून ठेवण्यासारखं हे होतं. २०१२ साली मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावात जवळपास तीन हजार गाड्यांना रेडिओ बसवून मोठी चाचणी झाली. २०१४ साली तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने अंदाज मांडला, की चौकातल्या आणि वळतानाच्या टकरी टाळणाऱ्या फक्त दोन सूचना सगळ्या गाड्यांत आल्या तर वर्षाला ४९ ते १,०८३ जीव वाचतील. दोन आकड्यांमधलं अंतर बघा. इतकी अनिश्चितता पोटात घेऊनही २०१६च्या डिसेंबरमध्ये प्रत्येक नव्या मोटारीत असा रेडिओ सक्तीचा करणारा नियम प्रस्तावित झाला.

तो कधी लागू झालाच नाही. कॅडिलॅकने २०१७च्या एका मॉडेलमध्ये रेडिओ दिला. टोयोटाने २०१८ साली अमेरिकेतल्या गाड्यांत तो देण्याचं जाहीर केलं आणि वर्षभरात बेत थांबवला. गाड्यांत रेडिओ नाही म्हणून राज्यं खांब उभारेनात, खांब नाहीत म्हणून कंपन्या रेडिओ बसवेनात. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. शेवटी २०२०च्या नोव्हेंबरमध्ये दूरसंचार आयोगाने हिशेब मागितला: वीस वर्षं झाली, भूखंड ओसाड आहे. ७५पैकी ४५ मेगाहर्ट्झ वाय-फायला दिले. उरलेले ३० गाड्यांसाठी ठेवले, पण तिथे जुना रेडिओ चालणार नाही, मोबाइलच्या घराण्यातला नवा रेडिओच हवा अशी अट घातली. सक्तीचा प्रस्तावही २०२३ साली अधिकृतपणे मागे घेतला गेला.

या कोंडीमागे एक साधा गुणाकार आहे, आणि तो कळला की गुंतवणुकीचं अर्धं कोडं सुटतं. समजा शहरातल्या दहा टक्के गाड्यांत रेडिओ आहे. दोन गाड्या आमनेसामने येताहेत. दोघींत रेडिओ असेल तरच एक बोलेल आणि दुसरी ऐकेल. तशी शक्यता किती? दहा टक्क्यांचे दहा टक्के, म्हणजे शंभरात एक. तीस टक्के गाड्यांत रेडिओ आला तरी शंभरात नऊच. गाडी-गाडी संभाषणाचा फायदा सुरुवातीची कित्येक वर्षं इतका तुटपुंजा असतो, की पहिल्या ग्राहकाने पैसे का द्यावेत याला उत्तरच नसतं. ज्याच्या हातात पहिला टेलिफोन आला त्याने फोन कुणाला करायचा?

आता एक टोक रस्त्याला द्या. चौकात खांब आहे, तो कायम बोलतोच आहे. दहा टक्के गाड्यांत रेडिओ असेल तर त्या दहाच्या दहा टक्क्यांना उपयोग होतो, पहिल्या गाडीलासुद्धा. गुणाकार गेला, सरळ हिशेब आला. सार्वजनिक पैसा रस्त्यात घालण्याचं मला पटणारं कारण हेच.

खोका स्वस्त, खोदाई महाग

२०२०च्या त्या निर्णयानंतर युटासारख्या राज्यांच्या खांबांवरचे जुने रेडिओ कालबाह्य झाले. तीनच वर्षांपूर्वी हौसेने बसवलेले. पण सगळं वाया गेलं का? खांब राहिला, त्यात आलेली वीज राहिली, पेटीपर्यंत आलेली केबल राहिली, नवा सिग्नल कंट्रोलर राहिला, चौकाचा नकाशा राहिला आणि हे सगळं जोडायला शिकलेली माणसं राहिली. वरचा खोका काढून नवा लावला की झालं.

पैशाच्या भाषेत हे आणखी स्पष्ट दिसतं. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१५च्या अहवालात दिलेला हिशेब असा होता: एका ठिकाणी रस्त्याकडेचा खोका आणून बसवायला सरासरी सुमारे १७,६०० डॉलर. त्या ठिकाणाला मागच्या जाळ्याशी, म्हणजे नियंत्रण कक्षापर्यंतच्या केबलशी जोडायला ३,००० ते ४०,००० डॉलर, सरासरी ३०,८००च्या आसपास. म्हणजे खोक्याच्या पावणेदोन पट पैसे खोदाईत आणि जोडणीत. जिथे केबल आधीच होती तिथे ३,०००, जिथे नव्हती तिथे ४०,०००. आपल्याकडचे दर वेगळे असतील, पण खोदाई आणि खोका यांचं नातं फार बदलेल असं वाटत नाही. शिवाय खोक्याचं आयुष्य पाच-दहा वर्षांचं. नीट टाकलेल्या डक्टमधली, म्हणजे जमिनीत पुरलेल्या पाइपमधली, फायबर केबल दोन-तीन खोके जुने होताना बघते.

म्हणून या खात्यातला सगळ्यात शहाणा खर्च बहुतेकदा कंटाळवाणा असतो. नवा रस्ता करतानाच कडेला रिकामा डक्ट टाकून ठेवायचा. रस्ता झाल्यावर महिन्याभरात खोदायला येणाऱ्यांची आपल्याला इतकी सवय आहे, की हे कुणी आधीच केलं तर चुकल्याचुकल्यासारखं वाटेल. पण दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गावर ते ठरवून केलं गेलं. केबलसाठी तीन मीटर रुंदीचा स्वतंत्र पट्टा ठेवला आहे. २०२३ साली राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने देशभर सुमारे १०,००० किलोमीटर फायबर टाकण्याची योजना जाहीर केली. त्यात दिल्ली-मुंबईचे १,३६७ किलोमीटर आणि हैदराबाद-बंगळुरूचे ५१२ किलोमीटर हे पहिले मार्ग होते. कल्पना अशी, की फायबर दूरसंचार कंपन्यांना मागणीप्रमाणे भाड्याने द्यायचं. कनेक्टेड गाड्या आल्या नाहीत तरी त्या फायबरवरून कुणाचं तरी इंटरनेट चालेल आणि भाडं येईल. पैज हरली तरी मुद्दल बुडत नाही, अशा जागी सरकारने पैसा लावावा.

रेडिओच हवा का?

नेदरलँड्समधल्या लोकांनी वेगळाच प्रश्न विचारला. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, प्रत्येक चौकावर मोबाइलचं जाळं आहे, मग नव्या खांबांची भानगड कशाला? २०१६ साली तिथल्या सरकारने, शहरांनी आणि कंपन्यांनी मिळून एक भागीदारी केली. सिग्नलचे कंट्रोलर बदलले, ते एका सामायिक मांडणीत बोलतील असं बघितलं, आणि सगळा डेटा एका मध्यवर्ती ठिकाणी आणून कंपन्यांना खुला केला. आज असे हजाराहून अधिक सिग्नल तिथे आहेत. दिवा कधी बदलणार हे फोनवरच्या ॲपला कळतं, आणि कुठे किती गाड्या, सायकली येताहेत हे सिग्नलला कळतं.

यावर आक्षेप एकच, पण खरा. मोबाइलचा निरोप टॉवरवर जातो, तिथून सर्व्हरवर, तिथून परत येतो. जाळ्यावर ताण असेल तर अर्धा-एक सेकंद जातो. ‘सिग्नल बारा सेकंदांत लाल होईल’ या निरोपाला अर्ध्या सेकंदाने काही बिघडत नाही. ‘पुढच्या गाडीने कचकन ब्रेक दाबलाय’ याला बिघडतं. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात अकरा मीटर पुढे गेलेली असते. तेव्हा निरोपांची वाटणी करावी लागते. पुढचा रस्ता बंद, धुकं, काम चालू, सिग्नलची वेळ हे निवांत निरोप फोनच्या जाळ्याने द्या. तातडीचे निरोप थेट रेडिओने. आणि यादी करायला बसलं की लक्षात येतं, निवांत निरोपच जास्त आहेत.

नेदरलँड्स, जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी २०१३ साली रॉटरडॅम ते व्हिएन्ना मार्गासाठी करार केला, तेव्हा पहिली सेवा निवडली ती रस्त्यावरच्या कामाची सूचना देण्याची. दुरुस्तीच्या जागी मागे उभी करतात ती मोठ्या बाणाची ट्रॉली असते ना, तिच्यातच रेडिओ. ट्रॉली जाईल तिथे सूचना जाते. नवा खांब नाही, खोदाई नाही. २०१९ साली आलेल्या आठव्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये ही सूचना ऐकणारा रेडिओ मूळ सामानातच होता. भर रस्त्यात पाठमोरं उभं राहून काम करणाऱ्या माणसाला पहिला फायदा मिळाला, हे मला त्या करारातलं सगळ्यात चांगलं कलम वाटतं.

सांभाळायचं कुणी?

एका महामार्गावर, नाव घेत नाही, मी पावणेदोन तास अडकलो होतो. पुढे टँकर उलटला होता. अडकलो तिथून दोनशे मीटर मागे, मोठ्या कमानीवरचा इलेक्ट्रॉनिक फलक लखलखीत चालू होता. त्यावर ‘सीट बेल्ट लावा, सुरक्षित रहा’ असं लिहिलेलं. त्याआधी बाहेर पडायचा एक रस्ता होता, फलकाने तेवढं सांगितलं असतं तर शेकडो गाड्या वळल्या असत्या. फलक बिघडलेला नव्हता, ही त्यातली गंमत. वीज होती, केबल असावी, अक्षरं स्वच्छ होती. टँकर उलटल्याचं ज्याला कळलं आणि फलकावरची अक्षरं ज्याच्या हातात होती, ते दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. गाडी-रस्त्याच्या संभाषणाच्या गप्पा निघाल्या की मला तो फलक आठवतो.

ब्रिटनने याच्या पुढचा धडा महागात शिकला. तिथे काही मोटरवेंवरची, म्हणजे द्रुतगती महामार्गांवरची, कडेची आपत्कालीन मार्गिका काढून ती चालू लेन केली आणि त्यांना स्मार्ट मोटरवे म्हटलं. बंद पडलेली गाडी रडार ओळखेल, नियंत्रण कक्ष त्या लेनवर लाल फुली लावेल, असा भरवसा होता. रडार बसायला उशीर झाला, बसलेल्यांच्या अचूकतेवर नियामकाने बोट ठेवलं, लोकांचा विश्वास उडाला आणि २०२३च्या एप्रिलमध्ये सरकारने नवे स्मार्ट मोटरवे रद्द केले. खर्च आणि लोकांचा अविश्वास, अशी दोन कारणं सरकारनेच दिली. एकदा का माणूस सूचनेवर विसंबला, की सूचना न मिळणं हा रस्ता मोकळा असल्याचा निरोप ठरतो. खांब उभा करणं म्हणजे पुढची पंधरा वर्षं तो जागा ठेवण्याचं वचन. आपल्या अंदाजपत्रकांत उभारणीला वेगळं शीर्षक असतं आणि देखभालीला वेगळं, आणि कपात कशात होते ते सगळ्यांना माहीत आहे.

देखभालीतच नकाशा येतो. चौकात नवीन दुभाजक टाकला, एक लेन वाढवली, वळण बंद केलं, की नकाशा त्याच दिवशी बदलायला हवा. आपल्याकडे उड्डाणपुलाचं काम निघालं की चौकाची मांडणी महिन्यात तीनदा बदलते. बॅरिकेड हलवणाऱ्या मुकादमाकडून ती बातमी सर्व्हरपर्यंत कशी जाणार, याला रेडिओच्या जातीपेक्षा जास्त महत्त्व आहे. त्यासाठी मुकादमाच्या फोनवर एक साधं ॲप पुरेसं आहे. ते कुठल्या निविदेत असतं का, तेवढं बघायचं.

विश्वासाचा आणखी एक पैलू आहे, तो थोडक्यात. खोटा निरोप कुणी पाठवला तर? म्हणून प्रत्येक निरोपावर डिजिटल सही असते. पण सही कायम एकच ठेवली तर गाडीचा माग काढता येईल. अमेरिकेने आखलेल्या व्यवस्थेत यावर तोडगा असा, की गाडीला आठवड्याला वीस टोपणसह्या मिळतात आणि ती थोड्या थोड्या वेळाने त्या बदलत राहते. सही खरी आहे हे कळतं, कुणाची आहे ते कळत नाही. हे व्यवस्थित चालवायला एक स्वतंत्र संस्था लागते, आणि तिचा खर्चही डिजिटल रस्त्याच्याच खात्यात मांडायला हवा.

ज्यांच्याकडे रेडिओ कधीच नसेल

२०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवर होती आणि जवळपास वीस टक्के पायी चालत होती. युरोप-अमेरिकेतले सगळे आराखडे मोटारगाडी मनात धरून केलेले आहेत. ते जसेच्या तसे उचलले तर ज्यांना सर्वाधिक धोका आहे तेच संभाषणाबाहेर राहतील. शेजारच्या काकांच्या पंधरा वर्षांच्या स्कूटरला कोण रेडिओ बसवणार?

पण इथेही रस्ता मदतीला येऊ शकतो. चौकातल्या खांबावर कॅमेरा किंवा रडार असेल तर स्कूटर त्याला दिसते, आणि खांब तिच्या वतीने निरोप देऊ शकतो: बसच्या डाव्या बाजूला दुचाकी आहे, वळू नका. स्कूटरवाल्याने काहीही विकत घेतलेलं नाही. जे बोलू शकत नाहीत त्यांच्या वतीने बोलणारा खांब, ही कल्पना आपल्या रस्त्यांसाठी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गाडीत कितीही महाग उपकरणं घातली तरी बसच्या पलीकडची स्कूटर तिला दिसत नाही.

नागपूरने २०२१मध्ये याच्या शेजारचा एक रस्ता धरला. आयरास्ते नावाच्या प्रकल्पात महापालिकेच्या शहर बसमध्ये पुढची टक्कर ओळखणारे कॅमेरे बसवले. महापालिका, इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि महिंद्रा अशी मंडळी त्यात होती. चालकाला इशारा मिळतो हा एक फायदा. पण असे इशारे कुठे कुठे वाजतात याची नोंद ठेवली की शहराचा नकाशा तयार होतो: इथे अजून अपघात झालेला नाही, पण रोज होता होता राहतो. ब्लॅक स्पॉट ठरायला माणसं मरावी लागतात. हे त्याआधीचे करडे ठिपके. आणि ते कळल्यावर करायचा इलाज कित्येकदा डिजिटल नसतोच. झाडाची फांदी छाटायची, पुसलेले झेब्रा पट्टे पुन्हा मारायचे, बसथांबा वीस मीटर पुढे सरकवायचा.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर २०२४च्या जुलैपासून कॅमेऱ्यांची मोठी व्यवस्था चालू आहे. वेग, लेन, सीट बेल्ट असे सतरा प्रकारचे नियमभंग ती पकडते आणि ई-चलन थेट फोनवर येतं. चलन यायला लागल्यापासून त्या रस्त्यावरचा उजवा पाय हलका झाला, हे खरं आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कमान आहे, वीज आहे, कॅमेरा आहे आणि तो गाड्यांचा वेग मोजतो आहे. अमृतांजन पॉइंटजवळ गाड्या अचानक ताशी दहावर आल्या, हे या यंत्रणेच्या डोळ्यांसमोरच घडतं. तीच माहिती चार किलोमीटर मागच्यांच्या फोनवर नकाशाच्या ॲपमधून पोहोचवायला नवा खांब लागणार नाही. चलन पाठवायला जो रस्ता वापरला, त्याच रस्त्याने इशारा पाठवता येतो. चलनाला वसुली असते आणि इशाऱ्याला नसते, एवढाच फरक.

तेव्हा पुढे कधी तुमच्या शहरात ‘स्मार्ट कॉरिडॉर’ची घोषणा झाली आणि शंभर-दोनशे कोटींचा आकडा आला, तर निविदेची कागदपत्रं संकेतस्थळावर असतात, ती उघडा. खोके किती, हे पहिल्याच पानावर असेल. डक्टमध्ये जादा नळी ठेवली आहे का, सिग्नलचा डेटा कुणाच्या मालकीचा, उद्या ठेकेदार बदलला तर त्याच्याच कंपनीचे सुटे भाग घ्यावे लागतील का, लेन बदलली की नकाशा किती तासांत बदलायचा आणि नाही बदलला तर दंड किती, हे मागच्या पानांवर शोधावं लागेल. देखभालीचा करार दोन वर्षांचा आहे की दहा, तेही तिथेच असेल. आणि रात्री अडीच वाजता घाटातली पेटी बंद पडली तर कुणाचा फोन वाजतो, आणि त्या माणसाकडे शिडीची गाडी आहे का.